एफ-टू दाबा आणि पुढे चला : चालू न होणाऱ्या संगणकाच्या संदेशांची समीक्षा



समीक्षा म्हटली की ती कवितेची, कादंबरीची, फार तर नाटकाची, अशी आपली समजूत असते. आम्हीही आयुष्यभर ग्रंथांवरच बोललो. आज ज्या मजकुराबद्दल बोलायचं आहे, त्याच्यावर लेखकाचं नाव नसतं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत तो उमटतो, दोन-चार ओळींचा असतो, आणि वाचणारा त्या घटकेला घाबरलेला तरी असतो किंवा चिडलेला तरी. संगणकावर लिनक्स बसवलं, बसवणं नीट पार पडल्याची सूचना वाचून समाधानानं यंत्र बंद केलं, आणि दुसऱ्या दिवशी ते चालूच होईना. अशा वेळी पडद्यावर जे येतं, तो आजचा आपला ग्रंथ.

तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं या भानगडीत का पडावं, असं कुणी विचारील. आम्ही हौसेनं पडलो नाही. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आम्ही आहोत. तिथल्या एका संगणकापायी आमच्याकडून एका मुलीवर अन्याय झाला, आणि तो आमच्या हस्ताक्षरात इतिवृत्तात नोंदला गेला. तो कसा झाला हे शोधता शोधता या संदेशांकडे ग्रंथ म्हणून पाहण्याची वेळ आली.

हकीकत अशी. वाचनालयाचा संगणक २०१२ च्या सुमाराचा. त्यावर विंडोज १० होतं. त्याला मिळणारी सुरक्षेची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद होणार हे आधीच जाहीर झालेलं होतं, आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ची सोय आमच्या जुन्या यंत्रात नव्हती. नवा संगणक घेण्याइतका निधी नव्हता. आयटीआयला 'कोपा'चा अभ्यासक्रम करणारी गावातलीच एक मुलगी म्हणाली, "सर, डेबियन टाकून देते. फुकट आहे आणि जुन्या मशीनवर चालते." रोवणीचे दिवस होते. ग्रंथपाल अकरा दिवसांच्या रजेवर शेतावर गेलेले. तिनं पेन ड्राइव्हवरून डेबियन बसवलं, आणि ते अकरा दिवस रोज येऊन दाखल नोंदवहीतल्या जुन्या पुस्तकांच्या नोंदी टंकत बसली. संगणक सुरळीत चालला. बाराव्या दिवशी ग्रंथपाल कामावर रुजू झाले. तेराव्या दिवशी सकाळी संगणक चालू होईना.

इथं थांबून संगणक चालू होणं म्हणजे काय ते पाहू, कारण त्यात आमच्या विषयाचा एक जुना पेच दडलेला आहे. प्रणाली असते डिस्कवर. ती डिस्कवरून उचलून स्मृतीत आणायला एखादा प्रोग्राम हवा. तो प्रोग्रामही डिस्कवरच असेल, तर त्याला कोण आणणार? त्यासाठी आणखी एक, त्यासाठी आणखी एक. नैयायिक याला अनवस्था म्हणतात. संगणकवाल्यांनी ही अनवस्था युक्तिवादानं मोडलेली नाही, एक चिप बसवून मोडली आहे. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये एक छोटा प्रोग्राम कायमचा असतो, जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत, नव्यांत यूईएफआय. वीज आली की पहिला तो जागा होतो. तो बूटलोडरला उठवतो. लिनक्समध्ये बहुधा ग्रब. ग्रब कर्नलला उठवतो. पुढे आणखी एक दोष आडवा येतो, अन्योन्याश्रय. कर्नलला डिस्क वाचायची तर त्या डिस्कचा ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हरची फाइल आहे त्याच डिस्कवर! म्हणून ग्रब कर्नलबरोबर एक छोटी शिदोरीही स्मृतीत आणून ठेवतो. तिला इनिट-रॅम-एफएस म्हणतात, गरजेपुरते ड्रायव्हर तिच्यात बांधलेले असतात. न्यायशास्त्राचे दोन दोष लोकांनी असे लोखंडात सोडवलेले पाहून आम्हाला, खरं सांगतो, या वयात गुदगुल्या झाल्या.

असो. मुद्दा हा की चालू होणं ही साखळी आहे, आणि ती कुठल्याही कडीला तुटू शकते. तुटलेल्या कडीनं मागे जे शब्द सोडले, तेवढाच आपल्या हाती पुरावा. तेव्हा हे शब्द कसे लिहिलेत, याला महत्त्व आहे.

या प्रकारातली आम्हाला सगळ्यांत आवडलेली कृती आता जुनी झाली. ग्रबच्या आधी लिनक्सबरोबर लिलो नावाचा बूटलोडर असे. तो आपलं नाव एकदम छापत नसे, अक्षर-अक्षर छापत जाई. एक टप्पा पार पडला की पहिलं 'एल'. दुसरा टप्पा डिस्कवरून उचलता आला की 'आय'. तो दुसरा टप्पा प्रत्यक्ष चालू झाला की पुन्हा 'एल'. सगळं आलं की 'ओ'. पडद्यावर 'एल-आय' एवढंच येऊन थांबलं, तर जाणकाराला कळे की दुसरा टप्पा उचलला गेला, पण त्यानं जीव धरला नाही. चार अक्षरांत एवढा अर्थ! आणि गंमत अशी की या चार अक्षरांना चुकीचं वेगळं वाक्य लिहावं लागत नसे. यश सांगता सांगता जिथं वाणी थांबली, तिथं बिघाड. आमच्या भंडाऱ्यात पितळेचं भांडं घेताना बोटानं वाजवून घेतात. नाद कुठं तुटतो त्यावरून चीर कळते. लिलोचं तसं होतं.

एवढी काटकसर का? जागाच नव्हती. जुन्या पद्धतीत डिस्कचा पहिला कप्पा ५१२ बाइटचा, आणि त्यात प्रोग्रामला मिळत ४४६. आज आपण संगणकावर देवनागरी लिहितो तेव्हा प्रत्येक अक्षरचिन्हाला, काना-मात्रेलासुद्धा, बहुधा तीन बाइट लागतात. म्हणजे त्या ४४६ बाइटांत देवनागरीची दीडशे चिन्हंही मावणार नाहीत, आणि तिथं नुसता संदेश नाही, अख्खा प्रोग्राम बसवायचा आहे. तुटक बोलण्याला तिथं कारण होतं. आजच्या यंत्रांना ही सबब उरलेली नाही, पण तुटकपणा मात्र परंपरेनं उरला आहे.

आता दुसरी कृती घेऊ. ही डेबियनच्या घराण्यातली. शिदोरीतले ड्रायव्हर घेऊन कर्नल निघाला, पण मुख्य डिस्क काही सापडली नाही, की हा संदेश येतो. त्याचा मराठीत भावार्थ सांगतो. मूळ फाइल-प्रणालीचं उपकरण येईल म्हणून वाट पाहिली, शेवटी सोडून दिली. नेहमीच्या अडचणी अशा: सुरुवातीला दिलेल्या सूचना तपासा, त्यातही पुरेसा वेळ थांबलो होतो का ते पाहा, एखादा ड्रायव्हर राहिला असेल, तो पाहा. आणि हे पाहायला कोणत्या आज्ञा द्यायच्या, त्या कंसात दिलेल्या असतात. शेवटी मोठ्या अक्षरांत सावधान, आणि अमुक क्रमांकाचं उपकरण 'अस्तित्वात नाही', असं म्हणून तो तुम्हाला एका साध्या आज्ञापटलावर सोडून देतो.

ह्या संदेशाचा पूर्वार्ध आम्ही कुठल्याही चांगल्या शोधनिबंधाशेजारी ठेवू. "वाट पाहिली, सोडून दिली" यात कर्ता स्वतःची कृती सांगतो. "पुरेसा वेळ थांबलो का" यात तो स्वतःवर शंका घेतो. शंका तपासायचं साधन हाती देतो. पण उत्तरार्धात त्याचा तोल जातो. दिसलं नाही, एवढंच त्याला माहीत आहे, आणि म्हणतो काय, तर नाही!

आमच्याकडे यावर शतकानुशतकं खल झालेला आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात. घट दिसत नाही, म्हणून घट नाही हे कळतं. पण त्यालाही त्यांनी एक अट घातली: ती अनुपलब्धी योग्य हवी. म्हणजे वस्तू असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून घट नाही असं ठरत नाही. इथंही शिदोरीत ड्रायव्हर नसेल, तर कर्नल अंधारातच उभा आहे. डिस्क तिथंच आहे, जागच्या जागी, धडधाकट. यानं "मला दिसत नाही" म्हणायला हवं होतं. दोन शब्दांचा फरक आहे, पण "नाही" वाचलेला माणूस डिस्क मेली समजून ती बदलायला बाजारात जातो, आणि "दिसत नाही" वाचलेला डोळ्यांत बिघाड आहे का ते बघतो.

आता आमच्या वाचनालयात पडद्यावर काय होतं ते सांगतो. इंग्रजीत एक लांब वाक्य होतं: रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस, नाहीतर निवडलेल्या उपकरणात बूट मीडिया घाला आणि कळ दाबा. हे ग्रबचं नाही, लिनक्सचंही नाही. साखळीच्या पहिल्या कडीचं, म्हणजे मदरबोर्डवरच्या त्या चिपचं हे बोलणं आहे. समीक्षक म्हणून विचाराल तर आम्ही याला सगळ्यांत हीन प्रतीचा मजकूर म्हणू. यात माहितीचं एकही विधान नाही. दोन आज्ञा आहेत. कुठं शोधलं, काय शोधलं, काय सापडलं नाही, अक्षर नाही. 'प्रॉपर' म्हणजे योग्य, योग्य कशावरून? आणि 'सिलेक्ट' म्हणताना सगळा दोष निवडणाऱ्यावर ढकललेला. कचेरीच्या खिडकीतून "बरोबर अर्ज घेऊन या" म्हणून परत पाठवतात ना, अगदी तसं. नव्या यंत्रात जागेची सबब नाही. "जुन्या पद्धतीनं डिस्कचा पहिला कप्पा पाहिला, तिथं बूटलोडर नाही, यूईएफआय पद्धतीनं पाहिलेलं नाही" इतकं लिहिलं असतं, तरी आमचे पुढचे सगळे धिंडवडे वाचले असते.

कारण पुढे आम्ही काय केलं? ग्रंथपालांनी त्या पडद्याचा फोटो मोबाइलवर पाठवला. आम्ही मुलीला फोन केला. ती म्हणाली, "सर, मी येऊन बघते, पेन ड्राइव्हवरून चालू करून आधी नोंदी काढून घेते." संध्याकाळी कार्यकारिणीची सभा होती, सभेत संगणक दाखवायचा होता. आम्ही म्हणालो, "बघत बसू नकोस, पुन्हा बसव." तिनं पुन्हा बसवलं. अकरा दिवसांच्या नोंदी त्यात गेल्या. संगणक चालू झाला, सभेत दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच पडदा. पुन्हा बसवलं. पुन्हा सकाळी तेच. सभासदांत बोलणं सुरू झालं: चांगलं चालत होतं, हिनं काहीतरी टाकलं आणि बिघडवलं. तातडीची सभा झाली, आणि तिच्या इतिवृत्तात आम्ही लिहिलं की सदर मुलीच्या चुकीमुळे वाचनालयाचा संगणक नादुरुस्त झाला असून पूर्वीची प्रणाली परत बसवून घेण्यात यावी.

"पुन्हा बसवा" या सल्ल्याबद्दल थोडं बोलू द्या, कारण तो सर्वत्र मिळतो आणि आम्हीही तो पंडिताच्या थाटात दिला. पुन्हा बसवणं म्हणजे पुरावा धुऊन टाकणं. त्यातून संगणक चालू झाला, तरी का चालू झाला हे कळत नाही, आणि दहा गोष्टी एकदम बदललेल्या असल्यानं श्रेय भलत्यालाच जातं. न्यायशास्त्रात यासाठी कुंभाराचं गाढव आहे. घट घडण्याआधी माती वाहून आणणारं गाढव तिथं असतंच, पण म्हणून ते घटाचं कारण ठरत नाही. ते अन्यथासिद्ध. आमच्या बाबतीत पुन्हा बसवणं हेच ते गाढव होतं. कसं, ते आता येतं.

त्या मुलीकडे एक वही होती. तिच्यात तिनं पायऱ्या लिहिलेल्या. पहिली पायरी: मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन बूटची पद्धत जुनी असेल तर यूईएफआय करायची, घड्याळ लावायचं, सेव्ह करून बाहेर यायचं. ती शिस्तीची, त्यामुळे प्रत्येक वेळी पहिल्या पायरीपासून सुरू करी. दुसऱ्या वेळी तिला दिसलं की पद्धत पुन्हा जुनीच झालेली आहे. तिला वाटलं, मागच्या वेळी सेव्ह करायला आपणच विसरलो. तिसऱ्या वेळीही तेच दिसलं. तेव्हा तिला स्वतःचीच खात्री वाटेनाशी झाली, आणि ती कुणाजवळ बोलली नाही. आमचं इतिवृत्त तिच्या कानावर तोवर गेलेलं होतं. बोलणार कुठून?

खरं तर तेवढी पहिली पायरी केली आणि बाकी काहीच केलं नसतं, तरी संगणक चालू झाला असता, नोंदींसकट. उलट तिनं आळस करून पहिली पायरी गाळली असती, तर लिनक्स जुन्या पद्धतीनं बसलं असतं आणि पुढे कधी अडलंच नसतं. दोन्ही बाजूंनी तिच्या नेटकेपणानंच तिला अडचणीत आणलं होतं.

उलगडा झाला तो आमच्या विद्वत्तेनं नव्हे. विंडोज परत टाकण्याआधी एकदा आम्ही तिघं सकाळी वाचनालय उघडायच्या वेळी जमलो. आम्ही अन्वय-व्यतिरेकाचा तक्ता मनात मांडला होता: ग्रंथपाल नव्हते तेव्हा संगणक चालत होता, ग्रंथपाल आले की बंद. ग्रंथपाल असता बिघाड, नसता नाही. म्हणजे आता आमचा संशय त्यांच्यावर! पण या वेळी तोंड उघडायच्या आधी आम्ही एवढंच म्हणालो, "तुम्ही रोज सकाळी जे करता ते सगळं करून दाखवा." त्यांनी दार उघडलं, उदबत्ती लावली, भिंतीवरचा मेन स्विच वर केला, संगणकाचं बटण दाबलं, आणि आमच्याशी रोवणीबद्दल बोलता बोलता, पडद्याकडे न बघता, एक कळ दाबली.

मुलगी म्हणाली, "थांबा काका. का दाबलं तुम्ही?"

"एफ-टू."

"काहून?"

"ते तं रोजच येते ना बाई. दोन वर्षं झाले. एफ-टू दाबलं का चालू होते."

स्विच बंद करून, थोडं थांबून, पुन्हा चालू केला. या वेळी तिघांनीही तो पडदा वाचला. सीमॉसची बॅटरी क्षीण. सीमॉसची सेटिंग चुकीची. सीमॉसची तारीख-वेळ लावलेली नाही. खाली दोन पर्याय: एफ-वन दाबाल तर सेटिंग उघडेल, एफ-टू दाबाल तर 'डिफॉल्ट व्हॅल्यूज लोड होऊन पुढे चालू'.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक गोल सेल असतो, सीआर २०३२. वीज नसताना घड्याळ आणि सेटिंग तो जपतो. भिंतीतून वीज येत असेल तर संगणक बंद असतानाही बोर्डाला थोडा पुरवठा मिळत राहतो, त्यामुळे मेलेला सेल कुणाच्या लक्षात येत नाही. मुलगी संगणक बंद करी, पण मेन स्विच चालू ठेवून घरी जाई. मधे तासाभरासाठी वीज गेली, तर तेवढा दम त्या सेलात होता. ग्रंथपाल पावसाळ्यात विजेच्या भीतीनं रात्री न चुकता मेन स्विच पाडत. रात्रभरात सेटिंग पुसली जाई. सकाळी यंत्र कारखान्यातून आलं त्या सेटिंगवर, म्हणजे जुन्या बूट पद्धतीवर, परतलेलं असे. विंडोज जुन्याच पद्धतीनं बसवलेलं होतं, म्हणून दोन वर्षं काही अडलं नाही. लिनक्स यूईएफआय पद्धतीनं बसलं, आणि जुन्या पद्धतीनं शोधणाऱ्याला ते दिसेना. होतं तिथंच. दिसत नव्हतं.

कारण कोणतं? सेल? तो मेलेला असूनही विंडोज चालत होतं. लिनक्स? सेल जिवंत असता तर ते चाललंच असतं. मेन स्विच? तो तर वीस वर्षं रात्री पडतो आहे. नैयायिकांचं म्हणणं असं की कार्य एका कारणानं होत नाही, सामग्रीनं होतं. सगळी कारणं एकत्र आली की होतं. आणि एफ-टू? एफ-टूनं काहीच पुसलं नाही, हे ग्रंथपालांसाठी आवर्जून सांगितलं पाहिजे. पुसायचं ते रात्रीच पुसलं गेलेलं होतं. एफ-टू ही नुसती मान्यता होती.

आता या शेवटच्या पडद्याची समीक्षा. हा मजकूर खरा आहे, पूर्ण आहे, आणि निदानही बरोबर सांगतो. सेल क्षीण, सेटिंग गेली, वेळ गेली. लिलोनंतर एवढा प्रामाणिक मजकूर आम्ही पाहिला नाही. तरी तो निष्फळ ठरला. दोन वर्षं रोज तो एका शिकल्यासवरल्या माणसापुढे आला, आणि त्यानं रोज तो न वाचता पुढे ढकलला. का? कारण त्यानं आपल्या निदानाशेजारीच त्यातून सुटायची कळ ठेवली. 'पुढे चालू' हा शब्द दिसला की वरचं कोण वाचतो? शिवाय त्या कळीची किंमत तिथं लिहिलेली नाही. व्हॅल्यूज लोड करा म्हणतो, आधीची सेटिंग गेलेली राहील हे म्हणत नाही.

कुणी म्हणेल, इंग्रजी आडवं आलं. काही अंशी खरं आहे. डेबियन बसवताना मराठी निवडता येते, आमच्या मुलीनं ती निवडलीही होती. म्हणजे बसवताना यंत्र मराठीत बोलतं आणि अडल्यावर इंग्रजीत. त्याला कारणही आहे. साखळीच्या सुरुवातीला पडद्यावर जुना अक्षरपट असतो, त्यात एका वेळी २५६ आकृत्या, फार तर ५१२. देवनागरीची जोडाक्षरं, वेलांट्या, रफार त्यात नीट जुळत नाहीत. पण हा पडदा समजा मराठीत आला असता, तर कसा आला असता? आमच्याकडचा सरकारी अनुवाद डोळ्यांपुढे आणा: 'पूर्वनिर्धारित मूल्ये भारित करून पुढे चला.' ग्रंथपालांना वाटलं असतं, सकाळी सकाळी नीतिशास्त्राचं प्रवचन सुरू झालं! मूल्यं आम्ही ४० वर्षं शिकवली, पण ती कळ दाबून भारित होतात हे ऐकलं नव्हतं. 'घड्याळाचा सेल संपला आहे. तुम्ही केलेली सेटिंग गेली' असं लिहिता येतं. ते लिहायला यंत्रासमोर बसणाऱ्याची सकाळ डोळ्यांपुढे असावी लागते.

आणखी एक गोष्ट ओझरती सांगतो. पुढे लिनक्समध्येही बूट होताना मजकूर दिसू नये म्हणून त्यावर चित्राचा पडदा टाकायची चाल आलेली आहे. ग्रबच्या यादीत 'ई' कळ दाबून 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे दोन शब्द काढले, की ओळी दिसू लागतात. आमचा आग्रह आहे की अडलेल्या यंत्रावर हे पहिल्यांदा करावं. आणि फोटो काढायचा तर शेवटच्या पडद्याचा नव्हे, पहिल्यापासूनचा. आमच्यापर्यंत फक्त शेवटचं पान आलं, आणि त्यावरून आम्ही सबंध ग्रंथावर अभिप्राय दिला. विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर आम्ही त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

ज्यानं पडदा रोज पाहिला त्याला तो कळत नव्हता, जिला कळला असता तिला तो कधी दिसला नाही. आणि आम्ही, ज्यांचं काम या दोघांना एकत्र बसवायचं होतं, आम्ही फोनवरून निकाल दिला.

सेल चाळीस-पन्नास रुपयांत मिळाला. मुलीनं तो बदलला, पहिली पायरी केली, बाकी कशाला हात लावला नाही. संगणक चालू झाला. रात्री मेन स्विच पाडला, सकाळीही चालू झाला. अकरा दिवसांच्या नोंदी परत आल्या नाहीत. त्या तिनं आणि ग्रंथपालांनी मिळून पुन्हा टंकल्या. ते नोंदवही वाचून दाखवत, ती लिही.

राहिलं आमचं इतिवृत्त. संस्थेच्या कामकाजात लिहिलेलं इतिवृत्त खोडता येत नाही. पुढच्या सभेत पहिला विषय असतो, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. तिथंच दुरुस्ती होते. आम्ही आमचंच वाक्य पुन्हा वाचलं. "सदर मुलीच्या चुकीमुळे." चूक आम्ही पाहिली नव्हती. शोधलीही नव्हती. दिसलं नव्हतं त्याला आम्ही 'आहे' म्हणालो होतो, म्हणजे त्या डेबियनच्या संदेशापेक्षाही एक पाऊल पुढे गेलो होतो. दुरुस्ती लिहून सभेआधी तिला दाखवली: संगणकाच्या बोर्डावरील सेल संपल्यामुळे तो चालू होत नव्हता, सदर मुलीची चूक नव्हती, आणि नोंदी गेल्या त्या पुन्हा बसवण्याच्या आमच्या सूचनेमुळे.

तिनं दोनदा वाचलं. म्हणाली, "सर, सेल संपल्यामुळे एवढंच नका लिहू. तसा तर तो दोन वर्षांपासून संपला होता. स्विचचं लिहा, यूईएफआयचं लिहा, आन् एफ-टूचं पण लिहा."

आम्ही ग्रंथपालांकडे पाहिलं. ते म्हणाले, "लिहा जी."